गळणारी काच, केकचा डबा आणि नॉटिंगहॅमचा वैतागलेला केमिस्ट

ज्यांना ट्रेनमध्ये नेटवर्क मिळत नाही, किंवा ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लेखी एपिसोड. बोलताना जिथे जिथे मी "अं… म्हणजे…" केलं होतं तेवढं काढलंय. बाकी जसंच्या तसं.

आजची गोष्ट सुरू होते एका केकच्या डब्यापासून.

मी सध्या इंग्लंडमध्ये, नॉटिंगहॅमला राहतो. विटांच्या जुन्या घरांची एक लांबच लांब रांग आहे, त्यातल्या एका घराचे दोन फ्लॅट केलेत. वरचा मी भाड्याने घेतलाय आणि खाली ऐंशी ओलांडलेल्या एक आजी राहतात. फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी त्यांनी दार वाजवलं. हातात पत्र्याचा गोल केकचा डबा, डब्यात दोन बोटं पिवळसर पाणी. म्हणाल्या, "अय अप, मी डक." (नॉटिंगहॅममध्ये सगळ्यांना 'डक' म्हणतात. आपल्याकडच्या 'बाळा'सारखं समजा.) मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तू आंघोळ केलीस की माझ्या छतातून हे येतं."

मी विचारलं, कधीपासून? तर म्हणे तीन आठवडे झाले. तीन आठवडे त्या बाई रोज सकाळी डबा लावत होत्या आणि ओतून टाकत होत्या. वर राहणाऱ्या पोराला कशाला त्रास, म्हणून बोलल्या नव्हत्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. आजवर मी प्रॉडक्शनवर एकदोन मोठे बग सोडलेत, पण कुणाच्या झोपायच्या खोलीत पाणी पाडलं नव्हतं.

एजन्सीला मेल टाकला. उत्तर आलं की शॉवरचा "अयोग्य वापर" झाला असेल, तसं असेल तर छताचा खर्च तुमच्या डिपॉझिटमधून. म्हणजे जवळजवळ दीड महिन्याचं भाडं! आता मला दोन गोष्टी हव्या होत्या. आजींचं छत वाचवायचं होतं आणि माझे पैसेही. खरं सांगायचं तर त्या दिवशी पैशांचा विचार आधी आला.

आता ही रचना कशी असते ते सांगतो, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांनी ती फक्त हॉटेलात पाहिली असेल. एक लांब टब, साधारण १७०० मिलिमीटरचा. टबाच्या डोक्यावर भिंतीला शॉवर. आणि टबाच्या काठावर भिंतीला बिजागरीने लावलेली काच, दारासारखी आत-बाहेर फिरणारी, साधारण ८०० मिलिमीटर रुंद. आकडे लक्षात ठेवा. टब १७००, काच ८००. म्हणजे अर्ध्याहून जास्त बाजू उघडीच! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, काच लावणाऱ्याचे पैसे संपले असावेत.

व्हिडिओ कॉलवर आईला दाखवलं. ती म्हणाली, "अरे, एवढं काचेचं दार कशाला? खाली बस, बादली घे, तांब्या घे."

"अगं आई, इथे खाली मोरी नाहीये. जमिनीला भोकच नाही."

"मग पाणी सांडलं तर जातं कुठे?"

बरोब्बर तोच प्रश्न आहे, आई.

आमच्या कराडच्या घरात न्हाणी म्हणजे शहाबादी फरशी, एका कोपऱ्याकडे ढाळ आणि तिथे मोरीचं भोक. भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे गवंडी सिमेंटची गोलाई करून देतो. पाणी कुठेही उडालं तरी शेवटी त्याच भोकाकडे जाणार. सगळी खोलीच ओली व्हायची म्हणून बांधलेली. इंग्रजी बाथरूम उलटं असतं. खोली कोरडी धरलेली, खाली लाकडी फळ्या, आणि ओलं फक्त टबाच्या आत. काठाबाहेर एक वाटी पाणी गेलं तरी ते फळ्यांच्या फटीतून थेट खालच्या माणसाच्या छतावर उतरतं.

पण असं का? शॉवर घ्यायचा आहे तर टबात उभं राहून का घेतात ही माणसं? इथून मी इतिहासात घुसलो, आणि दोन रात्री बाहेरच आलो नाही.

शॉवर इंग्लंडमध्ये तसा जुना. १७६७ मध्ये लंडनच्या लडगेट हिलवरच्या विल्यम फीदम नावाच्या स्टोव्ह बनवणाऱ्याने हातपंपाच्या शॉवरचं पेटंट घेतलं होतं. पंप मारून पाणी डोक्यावरच्या टाकीत चढवायचं, साखळी ओढली की ते अंगावर. गंमत म्हणजे खाली जमलेलं तेच पाणी पुन्हा वर. म्हणजे दुसऱ्या फेरीपासून आपल्याच मळाने आंघोळ! तो प्रकार श्रीमंतांच्या हौसेपुरता राहिला. सामान्य माणसाकडे नळच नव्हता, तर शॉवर कुठला.

हे मला खालच्या आजींनी जास्त चांगलं सांगितलं. मी माफी मागायला गेलो होतो, बिस्किटांचा पुडा घेऊन. त्यांनी चहा केला आणि डोक्यावरच्या पिवळ्या डागाकडे बघत म्हणाल्या, त्यांच्या लहानपणी घरात बाथरूमच नव्हतं. त्या वाढल्या नॉटिंगहॅमच्या सेंट ॲन्स भागात. मागच्या अंगणात भिंतीवर खिळ्याला पत्र्याचा टब टांगलेला असायचा. आठवड्यातून एकदा तो शेगडीसमोर आणायचा, पाणी तापवून ओतायचं आणि एकाच पाण्यात आधी वडील, मग आई, मग मुलं. धाकट्याच्या वाट्याला राखाडी पाणी. आजी धाकट्या होत्या.

हे काही फक्त त्यांच्याच घरचं नव्हतं. १९५१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे स्वतःचा कायम बसवलेला टब नव्हता. १९५१! आपल्याला साहेब म्हणजे टबात फेस करून बसलेला माणूस वाटतो. तो साहेब आपल्याकडे आला, त्याच्या गावातला मजूर मात्र आठवड्याला एकदा पत्र्याच्या घमेल्यात बसत होता.

सरकारने काही केलं नाही असं नाही. १८४६ मध्ये सार्वजनिक न्हाणीघरांचा कायदा झाला, त्यानंतर गावोगावी पैसे देऊन आंघोळ करायची घरं उभी राहिली. नॉटिंगहॅमचं व्हिक्टोरिया बाथ्स १८५० चं. आज तिथे नवं जिम आणि पोहण्याचा तलाव आहे, पण जुना घड्याळाचा मनोरा ठेवलाय. मी त्याच्यासमोरून शंभरदा गेलो असेन, कधी वर बघितलं नव्हतं. मग पहिल्या महायुद्धानंतर मोठी उडी आली. १९१८ चा ट्यूडर वॉल्टर्स अहवाल आणि १९१९ चा घरबांधणी कायदा. युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना चांगली घरं द्यायची होती. नगरपालिकांनी घरं बांधायला घेतली, आणि त्या नव्या घराच्या कल्पनेत टब आला. लक्षात घ्या, टब आला. शॉवर नाही. मुलांना एकत्र घालता येतील, खाणीतून आलेला माणूस भिजत बसू शकेल, वेळ पडली तर कपडेही धुता येतील असा टब. खोली बेतली ती त्याच्याच मापाने.

आजींच्या सेंट ॲन्समधली घरं १९६० च्या दशकाच्या शेवटापासून पाडायला घेतली. त्यांना नवं घर मिळालं, त्यात बाथरूम होतं. आजी म्हणाल्या, पहिल्या दिवशी त्यांच्या आईने टब काठोकाठ भरला आणि एकटीने तासभर दार लावून घेतलं. सगळे बाहेर थांबले होते. कुणी दार वाजवलं नाही.

तर शॉवर या टबाच्या डोक्यावर नंतर येऊन बसला. आधी घर, मग टब, मग शॉवर, मग शॉवरचं पाणी अडवायला पडदा, मग पडद्याचा कंटाळा आला म्हणून काच. आमच्या क्षेत्रातल्या लोकांना हे लगेच कळेल. ही लेगसी सिस्टीम आहे. पायाला कुणी हात लावला नाही, वर थरावर थर चढवले.

आणि बराच काळ ते चाललंही, कारण पाण्याला जोरच नव्हता. इंग्रजी घरात माळ्यावर एक टाकी, तिच्यातून उताराने गरम पाण्याच्या सिलिंडरला, तिथून शॉवरला. टाकी शॉवरच्या वर मीटरभर, फार तर दोन. एक मीटर उंचीला साधारण ०.१ बार दाब. म्हणजे शॉवर नव्हे, झारी! मुख्य लाइनच्या दाबावर गरम पाणी साठवायला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत इथे परवानगीच नव्हती. मग नियम बदलले, कॉम्बी बॉयलर आले, पंपवाले शॉवर आले, आणि त्याच जुन्या टबात एक-दोन बारचं पाणी कोसळायला लागलं. झारीसाठी केलेली व्यवस्था फवाऱ्यासमोर उभी. गळणार नाही तर काय.

मधल्या पडद्यावर एक छोटं विषयांतर. पडदा ओला होऊन पायाला चिकटतो, हा अनुभव हॉस्टेलवाल्यांना असेल. शॉवर सुरू केला की तो आत का ओढला जातो, याचं काही अंशी स्पष्टीकरण अमेरिकेतल्या डेव्हिड श्मिट यांनी कॉम्प्युटर सिम्युलेशनने दिलं. २००१ मध्ये त्यांना त्यासाठी इग नोबेल मिळालं. आधी हसायला आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात तो पुरस्कार.

आता काच. आंघोळ करताना शेजारी एवढी मोठी काच उभी करायची म्हणजे ती फुटली तरी माणूस कापला जायला नको. याचं मूळ १६६० पर्यंत जातं. त्या साली प्रिन्स रुपर्टने चार्ल्स दुसऱ्याच्या दरबारात काचेचे विचित्र थेंब आणले. वितळलेली काच पाण्यात टाकून केलेले. डोक्यावर हातोडी मारा, फुटत नाही. शेपटी चिमटा, सगळ्याचा भुगा. रॉबर्ट हूकनेही 'मायक्रोग्राफिया' या १६६५ च्या पुस्तकात त्यावर लिहिलं. कारण असं की बाहेरचा थर आधी थिजतो, आतला नंतर आक्रसतो आणि बाहेरच्याला आत खेचून धरतो. हाच गुण सपाट काचेत आणायचं पेटंट १८७४ मध्ये फ्रान्सच्या रॉयर द ला बास्तीने घेतलं, तापलेली काच गरम तेल-चरबीत बुडवून. आपण 'टफन ग्लास' म्हणतो ती हीच. फुटली तर तिचे सुरे होत नाहीत, खडे होतात. पण एक अट. टफन केल्यावर ती कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणजे तुमची भिंत वाकडी असेल तर काच तिच्या मापाने घासून बसवणं शक्यच नाही. फट राहणारच आणि ती दुसऱ्या कशाने तरी भरावी लागणार.

स्वस्त सपाट काचेचा शोध तर इथून फार लांबही नाही, सेंट हेलेन्सला लागला. पूर्वी चांगली काच दोन्ही बाजूंनी घासून पॉलिश करावी लागे. ॲलिस्टर पिल्किंग्टनने ती वितळलेल्या कथिलावर तरंगवली, म्हणजे दोन्ही पृष्ठभाग आपोआप गुळगुळीत. भांडी घासताना त्याला हे सुचलं असं सांगतात. सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण खरी किंमत नंतरची आहे. सात वर्षं, सुमारे ७० लाख पौंड, आणि त्यात चौदा महिने असे की कारखाना रात्रंदिवस फक्त न विकता येणारी काच काढत होता. जानेवारी १९५९ मध्ये कंपनीने शोध जाहीर केला. चौदा महिने कचरा तयार करणाऱ्याला पगार देत राहणारे मालक! आमच्याकडे दोन स्प्रिंट फेल गेले की मॅनेजर 'क्विक कॉल' लावतो.

बरं, माझी गळती. मी काय केलं? कुठलाही इंजिनिअर करेल तेच. समजून न घेता पॅच मारला. दुकानातून सिलिकॉनची ट्यूब आणि बंदूक आणली, आणि दिसेल त्या फटीत भरली. काचेच्या बाहेरून, आतून, खालून, जुन्या सिलिकॉनवरूनही. रात्री झोपलो तेव्हा स्वतःवर खूश होतो. सकाळी आंघोळ केली, खाली गेलो. डब्यात आता तीन बोटं पाणी होतं.

जास्त! बंद केल्यावर जास्त!

मग डोकं ठिकाणावर आलं आणि मी बायसेक्ट केला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बग कुठे आहे ते शोधायला संशयाची जागा अर्धी अर्धी करत जायची. सगळं कोरडं पुसलं, टबाच्या बाहेरच्या कडेने टिश्यू पेपरची पट्टी अंथरली. पहिल्यांदा पाणी फक्त टबात सोडलं. पेपर कोरडा. मग फक्त भिंतीवर. कोरडा. मग फक्त काचेवर. अर्ध्या मिनिटात दोन जागी ओला. एक, काचेच्या खालच्या टोकाला. दुसरी, भिंतीजवळ, जिथे काच ॲल्युमिनियमच्या उभ्या पट्टीत बसते तिथे.

खालच्या टोकाची गोष्ट चहाच्या किटलीची आहे. किटलीतून हळू ओतलं की चहा धारेने कपात न जाता चोचीच्या खालून मागे वळतो आणि टेबलावर पडतो. १९५६ मध्ये मार्कस रायनरने याला 'टीपॉट इफेक्ट' असं नाव देऊन प्रश्न मांडला. पुढे जोसेफ केलरने त्यावर काम केलं, आणि १९९९ मध्ये हाही विषय इग नोबेलपर्यंत पोचला. (बघा, एका बाथरूममध्ये दोन इग नोबेल.) पाणी काचेवरून खाली येतं, कडेवर पोचतं, आणि टपकन पडण्याऐवजी कडेला बिलगून खालून बाहेरच्या बाजूला जातं. म्हणून काचेच्या खाली जी प्लॅस्टिकची पट्टी असते तिला एक तिरकं ओठ असतं. ते ओठ आतल्या बाजूला, टबाकडे असलं पाहिजे. पाणी त्यावर येऊन आत पडायचं. माझ्या पट्टीचं ओठ बाहेर होतं. आधीच्या कुणीतरी साफ करायला काढून उलटी बसवली असणार.

आणखी एक. माझी बिजागरी उचलणारी आहे. काच फिरवली की ती काही मिलिमीटर वर उठते, बंद केली की खाली बसते, म्हणजे पट्टी फिरताना घासत नाही आणि बंद असताना टबावर दाबून बसते. गालिचावरून दार जावं म्हणून अशा बिजागऱ्या इंग्रजी घरांत काचेच्या आधीपासून आहेत. माझ्या काचेखाली मी सिलिकॉन भरल्यामुळे ती बसतच नव्हती. अधांतरी!

आणि भिंतीजवळची ॲल्युमिनियमची पट्टी? तिथे मला माझी खरी चूक कळली. त्या पट्टीच्या आत थोडं पाणी जाणारच, असं धरूनच ती बनवलेली असते. आत गेलेलं पाणी पट्टीतून खाली उतरतं आणि आतल्या बाजूने टबात परत येतं. म्हणून सिलिकॉन फक्त बाहेरच्या बाजूला लावायचं, आतली बाजू मोकळी सोडायची. मी आतून बंद केलं. पाणी पट्टीत अडकलं, साचलं आणि बाहेरच्या एका केसाएवढ्या फटीतून निघालं. मी गळती बंद केली नव्हती, तिच्या परतीची वाट बंद केली होती. मोरीत बोळा कोंबल्यासारखं झालं.

आता या सिलिकॉनबद्दल, कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठा धक्का इथे होता.

ट्यूब उघडली की व्हिनेगरसारखा उग्र वास येतो. ते ॲसिटिक ॲसिड. सिलिकॉन हवेतली आर्द्रता घेऊन घट्ट होतं आणि होताना ॲसिड सोडतं. पाणी अडवणारी गोष्ट स्वतः पक्की व्हायला पाणीच मागते. मी वाचत होतो की हे बनवलं कोणी, आणि उत्तर आलं, फ्रेडरिक स्टॅनली किपिंग, युनिव्हर्सिटी कॉलेज, नॉटिंगहॅम.

नॉटिंगहॅम! शेक्सपियर स्ट्रीटवरची ती १८८१ ची दगडी गॉथिक इमारत, जिच्यासमोरून माझी ट्राम जाते! किपिंग मूळचा मँचेस्टरचा, जन्म १८६३. १८९७ मध्ये इथे प्राध्यापक म्हणून आला आणि १९३६ पर्यंत राहिला. (घरगुती माहिती. तो, विल्यम पर्किन आणि आर्थर लॅपवर्थ, तिघे नामांकित केमिस्ट, एकमेकांचे साडू होते. तीन सख्ख्या बहिणी. दिवाळीला त्या घरात काय गप्पा होत असतील.)

किपिंगला रबर-बिबर काही बनवायचं नव्हतं. त्याला पाहायचं होतं की कार्बनच्या जागी सिलिकॉन मूलद्रव्य ठेवलं तर तशीच संयुगं बनतात का. कार्बनची कीटोनं असतात, तर सूत्रात तशीच दिसणाऱ्या सिलिकॉनच्या पदार्थाला त्याने 'सिलिकोन' म्हटलं. नाव तेव्हाचं, आपण उच्चार ढिला केला. पण कीटोनासारखे शुद्ध, छान स्फटिक मिळायच्या ऐवजी भांड्याच्या तळाशी वारंवार चिकट, डिंकासारखा लगदा उरायचा. ज्या केमिस्टला नीटनेटके रेणू हवेत त्याला हा लगदा म्हणजे अपयश. चाळीसेक वर्षं तो माणूस यावर पेपर लिहीत राहिला. आणि निवृत्तीच्या सुमारास रॉयल सोसायटीसमोर दिलेल्या बेकेरियन व्याख्यानात त्याने साधारण असं सांगितलं की या शाखेत नजीकच्या काळात फार महत्त्वाचं काही होईल अशी आशा दिसत नाही.

त्याच दशकात अमेरिकेत, कॉर्निंग या काचेच्या कंपनीत, जेम्स फ्रँकलिन हाइड किपिंगचे पेपर वाचून त्याच लगद्याकडे वेगळ्या नजरेने बघत होता. विजेच्या तारांवर गुंडाळायच्या काचेच्या कापडाला उष्णतेत टिकणारं काहीतरी हवं होतं. १९४० मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये यूजीन रोखोला तो स्वस्तात बनवायची पद्धत सापडली, जर्मनीत रिचर्ड म्युलरलाही स्वतंत्रपणे तीच. मग युद्ध. उंचावर उडणाऱ्या विमानांच्या इग्निशनमध्ये ओल शिरून ठिणगी भलतीकडे जायची, ती रोखायला सिलिकोनचं ग्रीस लागलं. १९४३ मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी निघाली. किपिंग १९४९ पर्यंत जगला. आपला तळाचा लगदा विमानं उडवतोय हे त्याच्या हयातीत घडलं.

आपल्या टबाचंही तसंच. पूर्वीचे टब बिडाचे, जड, हलत नसत. आताचे ॲक्रिलिकचे. आयसीआय कंपनीत १९३० च्या दशकात हे 'पर्स्पेक्स' नावाने निघालं आणि स्पिटफायर विमानांच्या पायलटसमोरची पारदर्शक छपरं त्यापासून झाली. हलकं, ऊब धरणारं, पण लवतं. टबात पाणी भरलं, वर माणूस उभा राहिला की टब काही मिलिमीटर खाली बसतो. बिडाच्या जमान्यात कडेला सिमेंट किंवा जवसाच्या तेलाची पुट्टी भरली तरी चालून जाई. लवणाऱ्या टबाला ताणली जाणारी गोष्ट हवी. ती किपिंगची.

म्हणूनच इथले जुने प्लंबर सांगतात की सिलिकॉन मारायच्या आधी टब पाण्याने भरा. आधी खाली बसवा, मग फट भरा, आणि सुकेपर्यंत पाणी तसंच ठेवा. रिकाम्या टबाला मारलं तर पहिल्याच आंघोळीला ते सुटतं.

मी सगळं खरवडून काढलं. जुन्या सिलिकॉनवर नवं चिकटत नाही, हेही उशिरा कळलं. दोन संध्याकाळ गेल्या, नखं गेली. स्पिरिटने पुसलं. टब भरला. नवी पट्टी, ओठ आत. बिजागरी मोकळी, काच खाली बसली. सिलिकॉनची एकच उभी रेघ, फक्त बाहेरून. चोवीस तास हात लावायचा नव्हता.

त्या चोवीस तासांत ऑफिसला जायचं होतं आणि माझ्याकडे आंघोळीला जागा नव्हती. जिना उतरलो तर आजी दारातच होत्या. म्हणाल्या, माझं बाथरूम वापर, टॉवेल काढून ठेवलाय. त्यांच्याकडे टबच नाही, पाय उचलत नाही म्हणून पालिकेने सपाट फरशीचं न्हाणीघर करून दिलंय. खाली ढाळ, कोपऱ्यात जाळी, बसायला स्टूल. मी स्टुलावर बसलो आणि शॉवरऐवजी त्यांचा प्लॅस्टिकचा जग वापरला. आईला फोटो पाठवला. तिने फक्त अंगठा पाठवला.

तिसऱ्या दिवशी टिश्यू पेपर अंथरून पूर्ण दहा मिनिटं शॉवर सोडला. कोरडा. एजन्सीला फोटो, उलटी पट्टी आणि कोरडा पेपर, सगळं तारखेसकट पाठवलं. चार मेल झाले. छताला रंग मारायचा खर्च शेवटी मालकाने दिला. माझ्या डिपॉझिटमधून साफसफाईच्या नावाखाली काहीतरी कापतीलच, ती पुढची लढाई.

आजींचा डबा मात्र अजून त्याच जागी आहे, डागाच्या बरोबर खाली. रंग मारून महिना झाला तरी त्यांनी उचललेला नाही. परवा विचारलं तर म्हणाल्या, असू दे. डोकावून पाहिलं, आत लोकरीचे दोन गुंडे होते.

चला, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.